तीन दिवसांचा एक तीळ

आधी वास आला.
कातडी जळाल्याचा. मी म्हटलं,
"पंचफुला, पाय वं, कोनाची रोटी करपली?"
ती मडक्याकडं पाहत नव्हती.
माझ्या बोटांकडं पाहत होती.

तेवीस वर्षं उपड्या मडक्यावर लांब रोट्या टाकल्या,
पवनीपासून उमरेडपर्यंतच्या लग्नांत,
आमरसाच्या दिवसांत तर चूल विझायचीच नाही.
कणीक परातीत आपटायची, आपटायची,
ओढली तरी तुटू नये इतकी,
मग दोन्ही हातांवरून झुलवत कोपरापर्यंत न्यायची
बाळाचं ओलं दुपटं पसरावं तशी.
ते बोटांनी पाहायचं असतं, डोळ्यांचं काम नाही.
आणि बोटं तर झोपली होती.

माघात भंडाऱ्याला डॉक्टरबाईंनी
तळहाताच्या बुडाशी चीर दिली.
वीस मिनिटं, पाच टाके.
गावाला वाटलं, झालं.
टाके निघाले त्या दिवशी मुलानं विचारलं,
"मे महिन्याच्या ऑर्डरी घेऊ का वं माय?"

नस सुटली, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या,
पण दबून दबून वाळली आहे ती.
वाढेल पुन्हा, तीन दिवसांत तिळाएवढी.
घरी येऊन मी हातावर तीळ मांडले,
मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
एकापुढं एक. साठ भरले.
नातवानं त्यातले पाच उचलून खाल्ले.
"आजी, तुह्ये पंधरा दिवस वाचवले."

मुठीत काही राहीना.
तांब्या, नाडी, ब्लाउजचे हूक.
एसटीची दांडी धरली की तळहातात खिळा.
कुंकू डाव्या हातानं लावायची, ते वाकडं बसायचं,
सून पुसून नीट करायची, काही न बोलता.
रात्री मात्र शांत.
दोन वाजता हात झटकत उठायची सवय होती,
ती अजून उठवते.
उठते, तर झटकायला काही नाही.
मग गोठ्यात म्हैस रवंथ करते, ते ऐकत बसते.

पोळा आला. साठ तीळ संपले.
अंगठा जागा झाला होता. तर्जनीत मुंग्या आल्या.
मुंग्या आल्या म्हणून कुणी पेढे वाटत नाही,
मी गुळाचा खडा तोंडात टाकला.
मधलं बोट उंबऱ्यावर अडलेलं.
आणि करंगळीशेजारचं बोट अर्धंच,
करंगळीकडची बाजू माझी,
दुसरी अजून कुणाची तरी.
एका बोटात धुरा पडलाय.

अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा भरला नाही.
तिथं खळगा आहे, चमचाभर पाणी राहील एवढा.
भरेल का, विचारलं.
"कदाचित," डॉक्टरबाई म्हणाल्या.
त्या कदाचितला मी नाही समजून घरी आले.
एसटीत खिडकीशी जागा मिळाली होती, तरी बाहेर पाहिलं नाही.

फागुनात पंचफुला म्हणाली, "एक टाकून तं पाय."
आपटली. ओढली. कोपराजवळ फाटली,
ताटलीएवढं भोक,
त्यातून चुलीचा जाळ दिसला.
आधी ती हसली, मग मी.
ती फाटकी रोटी आम्ही दोघींनी वांग्याच्या भाजीशी खाल्ली.
आता ती टाकते, मी जाळ सांभाळते.
पैशांत निम्मा नाही, तिसरा हिस्सा घेते.
हा हिशेब मी केला, तिनं नाही.

दुपारी टोपल्यात हरभरा, गहू, लाखोळी, जवस एकत्र करते,
पदर डोळ्यांवर ओढून हात घालते.
हरभरा लवकरच सापडू लागला,
लाखोळी तिच्या कोनांवरून.
जवस मात्र निसटायचं, मासोळीसारखं.
चौदा महिने.

काल चिमटीत काही आलं.
गुळगुळीत, चपटं, एका टोकाला निमुळतं.
पदर लगेच काढला नाही.
तसंच धरून बसले, अंगठ्यानं फिरवत,
म्हैस ओरडली तोपर्यंत.
मग पाहिलं.

कुणाला सांगितलं नाही.
परत टोपल्यात टाकलं,
आणि टोपलं हलवलं.